वाघाटीच्या मागावर

साल 1860, हिवाळ्याची रात्र. तुम्ही सौसरजवळ कन्हानच्या काठच्या एका वावरात उभे आहात. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा होऊन सहा वर्षं झाली, आगगाडी अजून नागपूरलाही पोचलेली नाही. ज्वारी उभी आहे आणि जागलीवरचा माणूस मधूनमधून हाळी देतोय.

धुऱ्यावरच्या झाडावरून काहीतरी खाली उतरतं. घरच्या मांजराहून चांगलंच लहान, राखट अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे. तुम्ही श्वास रोखता. उंदरावर झडप पडते आणि ते जनावर गवतात दिसेनासं होतं.

"काई नाई जी, मांजर होय थे," जागल्या म्हणतो.

ती वाघाटी आहे. वजन फार तर दीड किलोच्या आसपास. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांमध्ये तिची गणना होते. 1831 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी पाँडिचेरीकडच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. तेव्हापासून विद्वानांच्या लेखी ती दक्षिणेची आहे. इथे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ती कागदावर नाहीच.

आता बंडीत बसा आणि काही मुक्काम करत पूर्वेला सिवनी गाठा. तिथे रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अंमलदाराच्या बंगल्यात वाघाटीची पिल्लं माणसाळून हुंदडताना दिसतील. 1867 मध्ये, म्हणजे नागपुरात पहिली आगगाडी आली त्याच वर्षी, प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांचा भारतीय सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ निघाला. ही मांजर मध्य किंवा उत्तर हिंदुस्थानात असेल, याबद्दल त्यांना शंका होती. स्टर्नडेल यांनी 1884 च्या आपल्या पुस्तकात सिवनीच्या पिल्लांची हकीकत दिली. दहा वर्षांनी इंग्रज लेखक किपलिंगने आपल्या गोष्टींतून सिवनीचं रान जगभर पोचवलं. त्यात वाघ आला, बिबट्या आला, लांडगे आले. वाघाटीला जागा मिळाली नाही.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. 1956 च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात जातो आणि पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशात राहतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच मराठी, तीच पऱ्हाटी आणि तीच संत्री. रात्री धुऱ्यावरून फिरणाऱ्या जनावराला सीमा कुठली?

2012 मध्ये थांबा. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतच्या जंगलात कॅमेऱ्यात एक वाघाटी टिपली जाते. पलीकडे नेपाळच्या बर्दियातही ती आढळते. नकाशावरचा तिचा मुलूख थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सरकतो. ती पसरत तिकडे गेली, असं मला वाटत नाही. ती आधीपासून तिथे असावी. आपली नजर उशिरा पोचली. म्हणूनच जुन्या ग्रंथातल्या 'इथे नाही' या शब्दांवर मी विसंबत नाही.

पण पसारा मोठा ठरला म्हणून तिची काळजी मिटली, असंही नाही. 2016 पासून जागतिक लाल यादीत ती 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात तिला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाघांची मात्र दर चार वर्षांनी देशभर मोजणी होते, आणि वाघाटी बहुधा वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यापुढून योगायोगाने जाते तेव्हाच दिसते. शेतात तर कॅमेरेही नसतात. रस्त्यावर गाडीखाली सापडलेलं किंवा कुत्र्यांनी मारलेलं लहान ठिपकेदार जनावर सकाळी 'मांजर' म्हणून बाजूला टाकलं जातं, आणि एक नोंद कायमची बुडते.

आता आजच्या पांढुर्ण्यात या. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघालेला हा नवा जिल्हा आहे. जांब नदीच्या आसपास संत्र्याच्या बागा, पूर्वेला पेंचचं जंगल, उत्तरेला सातपुडा. तिकडे पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात, आणि वनखात्याची व प्राणिमित्रांची माणसं ती त्याच जागी ठेवून रात्री आईच्या हवाली करतात. आई येते आणि पिल्लं उचलून नेते. हे काम तुमच्या शिवारातही होऊ शकतं.

तेव्हा बागेत किंवा पऱ्हाटीत ठिपकेदार पिल्लू दिसलं, तर ते घरी आणू नका. दुरूनच फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, कुत्री बांधा आणि वनखात्याला कळवा. रस्त्यावर मेलेलं दिसलं, तरी फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि वनखात्याला कळवा.