मारिओचे पाठभेद

१९९३ साली लोअर परळच्या आमच्या चाळीत दोन मुलांचे एका प्रश्नावरून भांडण जुंपले. प्रश्न असा की, मारिओ खेळाच्या सुरुवातीला जमिनीवर असतो की पाण्यात? त्या दोन मुलांपैकी एक मी. मी जमिनीच्या बाजूने होतो आणि सारी गॅलरी माझ्या बाजूने होती. दुसरा मुलगा लालबागला आपल्या आत्याकडे सुट्टीत खेळून आला होता. तो शपथेवर सांगत होता की, मारिओ पहिल्यापासून पाण्यात असतो, पोहतो आणि मासे चुकवतो. मी त्याला चारचौघांत ‘खोटारडा’ म्हटले. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले ते झालेच.

आता हा मारिओ कोण, ते ज्यांच्या घरी तो कधी आला नाही त्यांना सांगावयास हवे. जपानात क्योटो येथे निन्टेन्डो नावाची जुनी कंपनी आहे. १८८९ साली ती पत्ते बनवण्यासाठी निघाली. पुढे शंभर वर्षे होत आली तेव्हा तिला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळायच्या खेळांनी नाव मिळवून दिले. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात विक्रीस आला. मिशावाला, टोपीवाला एक प्लंबर डावीकडून उजवीकडे धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, विटा फोडतो, अळंबी खाऊन मोठा होतो आणि शेवटी राजकन्येला सोडवतो. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर उड्या घेत जायच्या, म्हणून अशा खेळांना प्लॅटफॉर्मचे खेळ म्हणतात. मारिओत आठ दुनिया आहेत आणि प्रत्येकीत चार टप्पे, म्हणजे एकूण ३२. (ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या इमारतीही ३२ होत्या. आम्हां मुलांना हा योगायोग वाटत नसे.)

हा सगळा खेळ किती जागेत बसवला होता, ऐका. अवघ्या ४० किलोबाइटांत! माझे हे भाषण देवनागरीत संगणकावर साठवले, तर तेवढ्यानेच त्यातली निम्मी जागा व्यापेल. त्यामुळे मियामोतोंच्या मंडळींना गरीब घरच्या गृहिणीसारखी काटकसर करावी लागली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग निराळा. शिक्षकबंधूंनी मुलांना हे जरूर दाखवावे; मला स्वतःला ते चाळिशीत कळले.

आमच्या गिरणगावात मारिओ आला तो अस्सल यंत्रातून क्वचितच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्या संपाने मोडलेल्या घरांत परदेशी खेळणे कोण आणणार? आला तो नकली यंत्रांतून. पूर्वेकडच्या देशांत कोणी तरी जपानी यंत्राची हुबेहूब नक्कल करी, आणि ती ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्याकडे विकली जाई. लॅमिंग्टन रोडवर ती मिळत. यंत्रात जी चौकोनी डबी खोचायची तिला आम्ही ‘कॅसेट’ म्हणत असू. ती चालेनाशी झाली की काढायची, तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीने खरोखर काही होत असे का, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

या कॅसेटींवर मोठमोठे आकडे छापलेले असत. कोठे ‘९९ खेळ’, कोठे नवाच्या आकड्यांची रांगच रांग. प्रत्यक्षात आत खेळ असत पाच-दहा. मग यादी भरायची कशी? त्यावर त्या अनामिक कारागिरांनी युक्ती काढली. खेळाच्या मूळ आज्ञावलीतला एखादा आकडा बदलायचा. कोठे मारिओ तिसऱ्या दुनियेपासून सुरू होई, कोठे त्याची उडी आकाशाला भिडे. यादीत प्रत्येकाला नवे नाव मिळे, पण खेळ तोच. गिऱ्हाईक फसवण्यासाठी केलेले हे फेरफार होते, यात शंका नाही. पण आमच्यापैकी बहुतेकांनी मारिओ पाहिला तो असा, फेरफार झालेलाच.

आणि मूळ खेळात दुसऱ्या दुनियेचा दुसरा टप्पा सबंध पाण्याखाली आहे.

लालबागच्या कॅसेटीत त्या मुलाने जो आकडा निवडला असेल, त्यात मारिओ तेथूनच सुरू होत असला पाहिजे. म्हणजे तो खरे बोलत होता. मीही खरेच बोलत होतो. फक्त आम्हां दोघांजवळ एकाच ग्रंथाच्या दोन निराळ्या प्रती होत्या आणि ‘प्रत’ म्हणून काही असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. पुढे मी इतिहासात एम. ए. केले, मुलांना पाठभेद शिकवू लागलो. एकनाथमहाराजांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती का करावी लागली, ते दरवर्षी सांगू लागलो. तरीही त्या भांडणाचा उलगडा मला फार उशिरा झाला. तोवर त्या मुलाचे वडील गिरणी सुटल्यामुळे बिऱ्हाड घेऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी गेले होते.

फेरफार करणारे सगळेच नफेखोर नव्हते. एक गोष्ट तर आपल्या रेडिओच्याच घराण्यातली आहे. जपानात ‘ऑल नाइट निप्पॉन’ नावाचा रात्रीचा रेडिओ कार्यक्रम फार लोकप्रिय. डिसेंबर १९८६ मध्ये त्या कार्यक्रमासाठी मारिओची एक खास आवृत्ती निघाली आणि तिच्यात काही पात्रांच्या जागी कार्यक्रमातल्या निवेदकांचे चेहरे बसवले होते. ही मात्र निन्टेन्डोच्या संमतीने निघाली. आपल्या केंद्राच्या निवेदकांवर असा प्रसंग आला नाही, हे त्यांचे भाग्य म्हणावे.

मला अधिक मोलाचे वाटते ते हौशी लोकांचे काम. त्याची परंपराही जुनी आहे. शिड्या चढण्या-उतरण्याचा ‘लोड रनर’ हा अमेरिकन खेळ १९८३ साली निघाला. त्यात खेळणाऱ्याला स्वतःचे टप्पे रचण्याची सोय दिली होती. लोकांनी ते हौसेने रचून पाठवले आणि १९८४ साली त्यांतूनच पुढचा खेळ निघाला. मारिओच्या बाबतीत अशी सोय कंपनीने दिली नव्हती, ती चाहत्यांनी स्वतः तयार केली. १९९० साली आलेल्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चे टप्पे बदलण्यासाठी ‘लुनर मॅजिक’ नावाचे साधन एका चाहत्याने २००० साली लोकांपुढे ठेवले. मूळ खेळावर हक्क कंपनीचा, म्हणून ही मंडळी आपसांत सबंध खेळ न देता फक्त बदललेल्या भागाची नोंद देतात. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या शुद्धिपत्रासारखेच ते. मूळ पुस्तक हाताशी नसेल, तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. खुद्द निन्टेन्डोने टप्पे रचण्याचे साधन विकायला काढले ते २०१५ साली.

या हौशी फेरफारांत एक फार गाजला. २००७ साली टी. ताकेमोतो नावाच्या जपानी गृहस्थाने तो केला, आणि केला तो जगासाठी नव्हे, आपल्या एका मित्राला खेळायला लावण्यासाठी. त्याच्या जपानी नावाचा अर्थच मुळी ‘मी बदललेला मारिओ मित्राला खेळायला लावतो’ असा आहे. जपानी भाषेत फेरफाराला ‘काइझो’ म्हणतात. हा खेळ कमालीचा अवघड आहे, पण नुसता अवघड नव्हे, खोडकर आहे. जेथून उडी मारणे आजवर सुरक्षित होते, नेमकी तेथेच अदृश्य वीट. डोके आपटून आपण खड्ड्यात. अखेर टप्पा पार होतो, विजयाची धून वाजू लागते, आपण हात बाजूला ठेवून सुस्कारा सोडतो आणि तेवढ्यात मारिओ आपोआप चालत जाऊन मरतो!

ज्याने मूळ मारिओ खेळलेला नाही, त्याला यात काहीच गंमत वाटायची नाही. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. त्यातली विडंबने वाचून पोट धरून हसायचे, तर मूळ कविता पाठ हव्यात. ज्याला त्या ठाऊक नाहीत, तो कोरड्या चेहऱ्याने पाने उलटतो. ताकेमोतोची अदृश्य वीटही तशीच आपल्या सवयीवर नेम धरून ठेवलेली असते. म्हणून मी कॅसेटवाल्यांचा फेरफार आणि हा फेरफार एका मापाने मोजत नाही. एकाने आम्हांला मूळ कोणते हेच कळू दिले नाही. दुसरा म्हणतो, तुला मूळ पाठ आहे ना? मग आता ये.

एक खंत मात्र आहे. खेळांचे इतिहास आता जाडजूड पुस्तकांतून येतात, पण त्यांत भर असतो तो अस्सल आवृत्तीवर. आमच्या चाळींत मुलांनी जे खेळले त्या कॅसेटी बहुधा भंगारात गेल्या. कोणती कोठून सुरू होत होती, हे सांगणारा कागद नाही. आहेत त्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या आठवणी. ज्या भागात मुलांचे व्हिडिओ गेम तासाच्या भाड्याने चालत, तेथेच २०१२ साली कमला मिलच्या आवारात ‘स्मॅश’ नावाचे भपकेबाज खेळघर उघडले. त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत आहेत. आमच्या तासाच्या भाड्याची नोंद कोठेच नाही.

गेल्या दिवाळीत माझा भाचा आमच्या घरी राहावयास आला होता. तो अकरावीत आहे आणि संगणकावर मारिओचे टप्पे स्वतः रचतो. मी शेजारी बसून पाहत होतो. न राहवून त्याला म्हणालो, “पहिला टप्पा पाण्यात ठेव.”

“मामा, सुरुवातच पाण्यात? कोणी असं करत नाही. लोक म्हणतील, चूक झाली.”

“असू दे. तू ठेव.”

त्याने तसे केले आणि खेळायचे यंत्र माझ्या हाती दिले. तिसऱ्याच माशाला मी धडकलो. भाचा हसला आणि त्याने मला पुन्हा सुरुवातीपासून, पाण्यातून, खेळायला लावले.