कुंपणी, कीचक आणि पत्री : राज्यकर्त्यांवरील शब्दकूटांचा विचार

इ. स. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात नाना पाटील व त्यांचे सहकारी यांनी जी समांतर सत्ता चालविली, तिला मराठीत दोन नावे आहेत : ‘प्रतिसरकार’ आणि ‘पत्रीसरकार’. ही दोन नावे कानाला जवळजवळ सारखी लागतात. अर्थाने मात्र ती परस्परांपासून फार दूर आहेत. पहिल्यात शासनसंस्थेची प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात शिक्षेचा धाक. इतिहासलेखक यांपैकी एक नाव लिहितो तेव्हा तो नकळत एक निवाडाही देत असतो. तो निवाडा कोणत्या आधारावर द्यावा हे ठरविण्यापूर्वी, इंग्रज राज्यकर्त्यांविषयी बोलताना मराठी माणसाने उच्चारसादृश्याचा जो उपयोग केला त्याची परंपरा पाहणे आवश्यक आहे.

कूट आणि श्लेष यांचे शास्त्र जुने आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद केले. श्लेषवक्रोक्तीत बोलणारा एका अर्थाने बोलतो आणि ऐकणारा तेच शब्द जाणूनबुजून दुसऱ्या अर्थाने घेतो. अर्थ फिरविण्याची क्रिया येथे श्रोत्याची असते, वक्त्याची नव्हे. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे. खेडोपाडी हेच कार्य उमाण्यांनी, कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावण्यांनी आणि तमाशातील सोंगाड्याने केले. सोंगाड्या मुद्दाम चुकीचे ऐकतो. त्याच्या त्या चुकीवर फड हसतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, त्या नाट्यपरंपरेतही सूत्रधाराच्या बोलण्याचा भलताच अर्थ करणारा विदूषक होताच. तात्पर्य, या प्रदेशातील प्रेक्षकाचा कान शब्दाचे दुसरे टोक पकडण्यास फार पूर्वीपासून तयार झालेला होता.

इंग्रजी नावे मराठीत आली ती याच कानावरून. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट हा ‘इष्टुर फाकडा’ झाला. एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’ झाला. लॉर्ड हा ‘लाट’ झाला. यात उपहास शोधण्याचे कारण नाही, ही जिभेची स्वाभाविक सोय आहे. परंतु ‘कंपनी’ या शब्दाचे ‘कुंपणी’ झाले तेथे सोयीच्या पलीकडचे काही घडले. जुन्या मराठी कागदांत ‘कुंपणी सरकार’ हे रूप वारंवार येते आणि ते पूर्ण गंभीरपणे येते. पण ज्या भाषेत ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आहे, त्या भाषेत हे रूप निर्दोष राहणे शक्य नव्हते. साताऱ्याच्या बाबतीत तर म्हणीचा अर्थ अक्षरशः खरा ठरला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांच्या राज्याचे रक्षण कंपनीने पत्करले. १८३९ मध्ये तिनेच त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. आणि १८४८ मध्ये डलहौसीच्या अमदानीत राज्य खालसा झाले. रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे जी दाद मागत होते तिचे सार या एका म्हणीत सामावते. येथे श्लेष कोणी रचला नाही. शब्द आणि म्हण शेजारी होती. इतिहासाने त्यांची गाठ घातली.

याउलट हेतुपूर्वक रचलेल्या कूटाचे उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’. खाडिलकरांचा जन्म १८७२ साली सांगलीस झाला. पुढे ते टिळकांच्या ‘केसरी’त गेले आणि १९०७ साली हे नाटक रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातील आहे. प्रेक्षकांनी मात्र तीत कर्झनशाही पाहिली. सैरंध्री म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, भीम म्हणजे जहाल आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हा उलगडा सर्वांना पाठ आहे. नावाच्या ध्वनीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. ‘कीचक’ हा शब्द कानाला कर्झनपेक्षा किचनेरची आठवण अधिक देतो. लॉर्ड किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता, आणि महाभारतातील कीचकही विराटाचा सेनापतीच आहे. याच किचनेरशी झालेल्या वादात हार खाऊन कर्झनने १९०५ च्या ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. म्हणजे नाद आणि अधिकारपद किचनेरकडे नेतात, तर उन्मत्तपणाचे चित्र कर्झनकडे. हे सादृश्य खाडिलकरांनी योजले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण नाव व्यासांचे आहे. पण नाटककाराचे कौशल्य कथेच्या निवडीत असते, आणि ही निवड प्रेक्षकाला एकाऐवजी दोन उत्तरे देऊ शकत होती.

या नाटकासमोर सरकारची जी अडचण झाली ती समजण्यासाठी तीस वर्षे मागे, कलकत्त्यास गेले पाहिजे. १८७६ च्या आरंभी प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यात जगदानंद मुखर्जी या वकिलाने त्याला आपल्या घरच्या स्त्रियांच्या दालनात नेले. यावर ग्रेट नॅशनल थिएटरने ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन केले. ‘जगदानंद’ मधील ज आणि ग यांची केवळ अदलाबदल केली होती. पोलिसांनी हरकत घेताच तेच ‘हनुमानचरित्र’ या नावाने आले. त्यापाठोपाठ ‘पोलिस ऑफ पिग अँड शीप’ हे प्रहसन झाले. त्याचे लक्ष्य होते पोलिस कमिशनर हॉग आणि सुपरिंटेंडेंट लँब. इंग्रजीत हॉग म्हणजे डुक्कर आणि लँब म्हणजे कोकरू, एवढे सांगितले म्हणजे पुरे. लॉर्ड नॉर्थब्रुकने २९ फेब्रुवारी रोजी वटहुकूम काढला आणि वर्षाअखेर त्याचे नाट्यप्रयोगाच्या कायद्यात रूपांतर झाले. हिंदी रंगभूमीवरील या निर्बंधाच्या मुळाशी, अन्य कारणांबरोबर, दोन-तीन नावांची कोटी होती ही गोष्ट कायद्याच्या इतिहासकारांनी विसरू नये.

‘कीचकवधा’च्या वेळी हाच कायदा हाताशी होता, पण आरोपी शब्द कोठे होता? नाटकात कर्झनचे नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही. ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० साली नाटकाची संगती लावून दाखविली, तेव्हा त्यालाही हे नाव कोठेच उच्चारले जात नाही असे मान्य करावे लागले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला होता. तोही एका नाट्यगृहात, आणि प्रयोग होता सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदे’चा. त्या वातावरणात १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. परंतु बंदी घालण्यासाठी सरकारला स्वतःच कूट सोडवावे लागले. कीचक म्हणजे आपला व्हाइसरॉय, हे उत्तर नाटककाराने दिले नव्हते. ते सरकारने दिले. रुद्रटाच्या परिभाषेत सांगावयाचे तर अर्थ फिरविणारा श्रोता येथे राज्यकर्ताच ठरला. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळा’तील वक्रोक्तीवर १९०८ साली खटला झाला, तेव्हाही सरकारची गोची याच जातीची होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. १९३९ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ गेल्यावर मुंबई प्रांतात सरकार म्हणजे गव्हर्नर. १९४३ च्या मार्चपर्यंत लम्ले, नंतर कॉलव्हिल. त्या सरकारपुढे ‘प्रति’ हा उपसर्ग उभा राहिला. तो स्वतःच श्लिष्ट आहे. प्रतिपक्षात तो विरोध दाखवितो, प्रतिमेत साम्य दाखवितो आणि प्रतिनिधीत एकाच्या जागी दुसरा असल्याचे दाखवितो. साताऱ्याच्या माणसाला हा शेवटचा अर्थ शिकवावा लागत नव्हता, कारण राजारामाच्या काळी निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे औंधास स्थिरावले होते आणि चळवळीचे मोठे केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातच होते. न्यायदान मंडळे, तुफान सेना, दारूबंदी, हुंड्याविना होणारे गांधी-विवाह ही सारी कामे ‘सरकारच्या जागी सरकार’ या अर्थाला धरूनच होती.

‘प्रती’चे ‘पत्री’ होण्यात र आणि त यांचा क्रम बदलतो. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तसाच हा वर्णविपर्यास आहे. जगदानंदाचा गजदानंद मात्र बुद्धिपुरस्सर झाला होता. बदललेले रूप लोकांना अर्थपूर्ण वाटले म्हणून ते टिकले. पत्री हा शब्द पूजेच्या पानांचाही वाचक आहे, पण तो अर्थ कोणी घेतला नाही. लोकांनी बैलाच्या खुराला ठोकावयाची पत्री ऐकली आणि गुन्हेगाराच्या पायाला ती ठोकतात अशी वार्ता पसरली. कार्यकर्त्यांच्या निवेदनांत तळपायावर काठीने मारण्याची शिक्षा येते. खिळ्यांची कथा ही मुख्यतः शब्दाने निर्माण केलेली दिसते. दरवडेखोर, सावकारांचे हस्तक आणि पोलिसांचे खबरे यांना ती कथा खरी वाटणे चळवळीच्या सोयीचे होते, म्हणून तिचा इन्कार तातडीने झाला नाही यात नवल नाही. पण चळवळीला केवळ दहशत ठरवू पाहणाऱ्यांच्याही ते तितकेच सोयीचे होते.

१९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन होऊन १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. वाळवे, तासगाव आणि खानापूर हे तालुके तिकडे गेले. दोन्ही जिल्ह्यांत जुन्या माणसांच्या तोंडी ‘पत्रीसरकार’च राहिले, आणि छापील ग्रंथांत बहुधा ‘प्रतिसरकार’ आले. ग्रंथातील रूप शुद्ध आणि लोकांचे भ्रष्ट, असा निर्णय व्याकरणाला देता येईल. इतिहासाला देता येणार नाही. संस्थेचे वर्णन करताना ‘प्रतिसरकार’ लिहावे आणि तिच्या धाकाचे वर्णन करताना ‘पत्रीसरकार’. मात्र दुसऱ्या नावाच्या आधाराने पहिल्याविषयी पुरावा काढू नये.