बरोबरीचा डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतोच. एवढा वेळ डोकी खाजवली आणि मिळाले काय, तर अर्धा-अर्धा गुण! आपल्या जुन्या देशी खेळात समोरचा राजा एकटाच उरला की 'बुर्जी झाली' म्हणत. पण ती हरणाऱ्याला मिळालेली सवलत. तुल्यबळांची बरोबरी ही निराळी चीज आहे, आणि ती पाहायला, वाचकहो, काळ्या समुद्राकाठच्या बाटुमी शहरी चलावे लागेल.

साल २०२५. महिलांच्या विश्वचषकाला १०७ जणी बसल्या. शेवटी उरल्या दोघी, आणि दोघीही भारतीय. असे पूर्वी कधी झाले नव्हते. एक नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दुसरी आंध्रची कोनेरू हम्पी, वय ३८. ती २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता! यात तुल्यबळ कसले, असे तुम्ही विचाराल. पण पटाला वय कुठे दिसते?

२६ जुलैला पांढरी मोहरी दिव्याकडे होती. चांगली संधी आली आणि निसटली. ४१ चालींत बरोबरी. दुसऱ्या दिवशी पांढरी हम्पीकडे. या खेपेस दिव्या अडचणीत आली, पण सावरली. ३४ चालींत पुन्हा बरोबरी. पटावर तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी मागता येते. बाहेरून हा कंटाळा वाटतो. आत मात्र दोघींनाही ठाऊक असते की, जी आधी वाट सोडील तिचेच मोडेल. दुसऱ्या दिवशी तो अर्धा गुण दिव्याच्या हातून गेला असता तर तिसरा दिवस उजाडलाच नसता.

२८ तारखेला जलद डाव झाले: प्रत्येकीस १५ मिनिटे, शिवाय दर चालीस १० सेकंद. पहिला डाव, काय सांगावे, पुन्हा बरोबरीत! दुसऱ्यात घड्याळ हम्पीच्या मानेवर बसले, चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. अडीच विरुद्ध दीड. एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन स्पर्धांतून ठरावीक दर्जा गाठावा लागतो. दिव्याच्या खाती असा एकही नव्हता. चषकाबरोबर किताबही आला, आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर पोर आईच्या गळ्यात पडून रडली.