मोनेचं लंडन: कोळशाच्या धुरातली चित्रं

आम्हा निसर्गचित्रकारांत एक सोवळा पंथ आहे. चित्र स्पॉटवर सुरू करायचं आणि स्पॉटवरच संपवायचं. घरी आणून त्याला ब्रश लावला की ते बाटलं. मुलांना घेऊन वाईच्या घाटावर बसलो की कुणी ना कुणी हा नियम मला ऐकवतंच, आणि दाखला देतं क्लोद मोनेचा. उघड्यावर रंगवणाऱ्यांचा तो आद्यपुरुष ना! मग मी १९०४ सालची गोष्ट काढतो.

त्या वर्षी ९ मे रोजी पॅरिसमध्ये पॉल द्युराँ-र्‍युएलच्या गॅलरीत मोनेचं एकट्याचं प्रदर्शन उघडलं. चित्रं ३७ आणि सगळी लंडनच्या थेम्स नदीची. त्यात चेरिंग क्रॉसचा रेल्वेपूल ८ वेळा, वॉटर्लूचा पूल १८ वेळा, पार्लमेंट ११ वेळा. जागा तीनच. बदलत होता तो फक्त प्रकाश, आणि प्रकाशाच्या आड येणारा धूर.

लंडनशी त्याची ओळख जुनी होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा तो तिथं जाऊन राहिला होता, आणि हा द्युराँ-र्‍युएल त्याला तिथंच भेटला. पण झपाटून रंगवायला तो गेला १८९९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. १९०० आणि १९०१ मध्ये पुन्हा. मुक्काम सॅव्हॉय हॉटेलात, नदीकडच्या वरच्या मजल्यावर. खिडकीतून दोन्ही पूल दिसायचे. दुपार कलली की पलीकडच्या काठावरच्या सेंट थॉमस रुग्णालयात जायचं आणि पार्लमेंटमागे उतरणारा सूर्य गाठायचा. प्रकाश क्षणात पालटे. मग कॅनव्हासच्या ढिगातून त्या क्षणाशी जुळणारा शोधायचा, तो सापडेपर्यंत प्रकाश पुन्हा भलतीकडे. आउटडोअरला बसलेल्या कुणालाही हा वैताग नवा नाही. पण आपण कंटाळून गाशा गुंडाळतो. या गृहस्थाने जवळजवळ शंभर कॅनव्हास सुरू केले.

आता धुक्याबद्दल. हे धुकं आपल्या महाबळेश्वरचं नव्हे. हिवाळ्यात घराघरातल्या शेगड्यांत दगडी कोळसा जळत होता, दक्षिण काठावर कारखान्यांची धुराडी होती, पुलावरून आगगाड्या वाफ सोडत जात होत्या. गंधकाने पिवळट झालेली ती हवा लंडनकरांच्या छातीत जाऊन बसे. मोनेला मात्र ती हवीच होती. मार्च १९०० मध्ये बायकोला लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की सकाळी उठून पाहिलं तर धुक्याचा मागमूस नाही. आता सगळी चित्रं बुडाली म्हणून त्याचा धीर सुटला. हळूहळू शेगड्या पेटल्या, धूर परतला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. परक्यालाच परवडणारं प्रेम आहे हे. चित्रकार टर्नर लंडनचाच, हे खरं. पण मोनेच्या आधी थेम्सचं धुकं रंगवणारा व्हिसलरही अमेरिकन होता.

वॉटर्लूचं एखादं चित्र जवळून बघा. पुलाच्या कमानी म्हणजे जांभळट-निळ्या रंगाचे जाड, सुकल्यावर पुन्हा चढवलेले थर. पुलावरची रहदारी म्हणजे नारिंगी-पिवळे चार ठिपके. मागची धुराडी पाठीमागच्या आकाशापेक्षा जेमतेम अर्धा टोन गडद. काळा रंग शोधून सापडत नाही. हे सगळं एका बैठकीचं काम नाही, हे हात चालवणाऱ्याला लगेच कळतं.

आणि नव्हतंच. १९०१ मध्ये तो आजारी पडून फ्रान्सला परतला, आणि पुढची तीन वर्षं जिव्हर्नीच्या स्टुडिओत हे कॅनव्हास घोटत बसला. द्युराँ-र्‍युएल चित्रं मागत होता. मोने एकही सोडेना. सगळी एकदम डोळ्यांपुढे हवीत, एकेक सुटं संपवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. प्रदर्शन गाजलं, चित्रं विकली गेली, आणि १९०५ मध्ये लंडनमध्ये कुजबुज सुरू झाली की हा तर फोटोवरून रंगवतो. मोने भडकला. चित्रं जागेवर केली की नाही याच्याशी कुणाला काय करायचंय, असं त्याने द्युराँ-र्‍युएलला कळवलं. मला हे उत्तर पटतं.

तो वॉटर्लू पूल १९३० च्या दशकात पाडला. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यात हजारो माणसं दगावली, तेव्हा १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि मोनेचा विषयच कायद्याने संपत गेला.

पॅरिसला गेलात तर ऑर्से संग्रहालयात धुक्यातून सूर्य फुटणारं पार्लमेंटचं चित्र आहे. त्याच्यावरची सही वाचा. साल घातलंय १९०४. थेम्सकाठी तो रंगवायला शेवटचा बसला होता १९०१ मध्ये.