लाईन आहे का?

माझ्या वडिलांच्या लेटरहेडवर फोन नंबरापुढे 'पी.पी.' छापलेलं होतं. वाशिमला आमच्या घरी फोन नव्हता. नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा. बाहेरगावाहून कोणी फोन केला की दुकानदारकाका म्हणायचे, "दहा मिनिटांनी करा," आणि एखादं पोरगं आमच्या दाराशी धावत यायचं. ट्रंक कॉलच्या भाषेत पी.पी. म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन', ठरावीक माणसालाच बोलावून द्या. लेटरहेडवर त्याचा अर्थ एकच होता: फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा.

१ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यातून वेगळं निघून जिल्हा झालं. त्याच सुमारास मी डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. सगळं पेजमेकर आणि श्रीलिपीवर. श्रीलिपीचा लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ती चालतच नाही तो छोटा खटका, कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला असायचा. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो, कॉम्प्युटर मात्र मोठ्या भावाकडे राहिला आणि जुनी गिऱ्हाइकंही वाशिमचीच राहिली. फाईल ईमेलने पाठवता येते, लॉक पाठवता येत नाही. म्हणून त्या मशीनपर्यंत मलाच पोचणं भाग होतं.

दूरच्या मशीनचा पडदा आपल्यापुढे आणण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतलं व्हीएनसी १९९८ पासून फुकट मिळत होतं. २००१ च्या विंडोज एक्सपीत रिमोट डेस्कटॉप आला, पण बाहेरून आत घेण्याची सोय फक्त प्रोफेशनलमध्ये. होम आवृत्तीत नाही. माझ्याकडे होम होती, म्हणून मी व्हीएनसी टाकलं. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, आणि वाशिमच्या घरी ते आलं तेव्हा मी मोडेममध्ये पोर्ट उघडून दिला, की बाहेरून आलेली हाक थेट त्या कॉम्प्युटरकडे जावी. पहिल्याच दिवशी जमलं. पुण्यात बसून वाशिमच्या पडद्यावरची बाणाची खूण हलताना पाहिली, तेव्हा डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी लाईन गेली. ते भारनियमनाचे दिवस. वीज परत आली की मोडेम नव्याने जोडला जायचा आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बदलायचा. मग वहिनीला फोन. ती एक साइट उघडून नवा आकडा वाचून दाखवायची, मी तो कागदावर उतरवून घ्यायचो. शेवटी बदलता पत्ता स्वतःच एका नावाशी जोडून ठेवणारी सेवा घेतली, तेव्हा कुठे वहिनीची सुटका झाली.

मग आणखी एक अडचण आली. २०१६ नंतर घराघरांत स्वस्त मोबाईल इंटरनेट आलं, भावानेही ब्रॉडबँड काढून तेच घेतलं. त्यात शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो. घराचा म्हणून वेगळा नाहीच. पोर्ट उघडायला दारच उरलं नाही. उपाय निघाला तो किराणा दुकानाचा. दोन्ही कॉम्प्युटर आपणहून बाहेरच्या एका सर्व्हरला फोन लावतात, तो दोघांची गाठ घालून देतो. टीमव्ह्यूअर २००५ पासून हेच करत होतं, पुढे एनीडेस्क आलं. आपल्याला मिळतो फक्त एक आकडा. हा पी.पी. नंबरच आहे.

पण काका आमचे ओळखीचे होते, हा मध्यस्थ अनोळखी. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं. मी वहिनीला तेव्हाच सांगून ठेवलं: आकडा कोणी मागितला, बँकेचा माणूस म्हणून मागितला, तरी द्यायचा नाही. कायमचा पासवर्ड लांबलचक आहे आणि तो फक्त माझ्याकडे.

बायोसमध्ये आता सोय करून ठेवली आहे, वीज आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. तरीही जोडण्याआधी मी फोन लावतोच.

"वहिनी, लाईन आहे का?"

"आहे नं भाऊजी, आत्ताच आली."