गाविलगडाच्या तीन वाटा

गडाचा इतिहास सांगायचा म्हणजे तट, बुरूज, दरवाजे आणि तोफा यांची गणती करायची, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. पण गड जितका तटाने राखला जातो तितकाच वाटेनेही राखला जातो. आणि पुष्कळदा हातचा जातो तोही वाटेनेच. आमच्या वऱ्हाडातील गाविलगडाची कथा याची साक्ष देईल.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुड्याची जी निळी भिंत दिसते, तिच्या माथ्यावर दोन मोठे किल्ले आहेत. अकोटच्या बाजूचा नरनाळा आणि चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड. भिंतीपलीकडचा मुलूख तो मेळघाट, म्हणजे घाटांचा मेळ. कोरकूंच्या वस्त्या, गवळ्यांचे वाडे, सागाचे रान आणि त्यांना सांधणाऱ्या पाऊलवाटा असे या मुलुखाचे रूप. गाविलगडाचे नावही गवळ्यांवरूनच पडले असे मानतात. इ. स. १४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहामनीने गडाला दगडी तटाचा साज चढविला. पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल अशा सत्ता पालटल्या आणि अखेर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला.

१८०३ साली शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात मराठ्यांची फौज पुन्हा मोडली. उरला तो गाविलगड. जनरल आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आणि कर्नल स्टीव्हन्सन एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, एकत्र आले आणि त्यांनी आधी हिशेब केला तो वाटांचा.

गडावर जायला तीन वाटा होत्या. दक्षिणेची पहिली सरळ उभ्या चढणीची. तीवरून माणूस कसाबसा चढेल, तोफ चढणे नाही. दुसरी पश्चिमेकडून वळसा घेणारी, गडकऱ्यांच्या नेहमीच्या जाण्यायेण्याची; पण ती लांबपर्यंत गडाच्या माऱ्याखाली. तिसरी उत्तरेची, लबाडा नावाच्या खेड्याकडून येणारी. तेथे मात्र जमीन गडाशी समतल होती. अडचण एकच: त्या खेड्याला पोचायचे तर एलिचपूरपासून तीस मैल डोंगर तुडवायचे. गडाचा खरा तट म्हणायचा तर तो हे तीस मैलांचे रान होते.

७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची फौज त्या रानात शिरली आणि १२ तारखेला उत्तरेच्या तोंडाशी उभी राहिली. अवजड तोफा आणि सारा सरंजाम माणसांनी हातांनी ओढून नेला; दऱ्या उतरून, कडे चढून, रस्ता करीत करीत. जिथे पायवाट होती तिथे गाडीवाट करावी लागली. वेलस्ली दक्षिणेकडून तोफा डागीत राहिला, पण त्या बाजूने गडाचे काही बिघडले नाही. उत्तरेच्या तटाला खिंडार पडले, आणि १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. आतला तट कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून ओलांडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन त्या दिवशी तेथे हजर होता.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांना परत मिळाले. ते १८२२ मध्ये निजामाकडे गेले. १८५३ मध्ये सारे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८५८ मध्ये, बंडवाल्यांना आसरा मिळू नये म्हणून, गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली. गड मुका झाला. वाटा मात्र चालत्या राहिल्या. त्या फौजेसाठी नव्हत्याच मुळी. त्या बाजाराच्या, लग्नाच्या, मोहफुलांच्या, गुरांच्या वाटा होत्या.

ग्रीस देशाच्या पश्चिमेला कॉर्फू नावाचे एक हिरवेगार बेट आहे. व्हेनिसच्या राजवटीत तेथे ऑलिव्हची झाडे उदंड लावली गेली. १८१५ ते १८६४ या काळात तेथेही इंग्रजांचाच अंमल होता. त्या बेटावर गावागावांतून, ऑलिव्हच्या बनांतून जाणाऱ्या जुन्या वाटा एकमेकींना जोडून २००१ साली दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत एक पदयात्रेचा मार्ग आखण्यात आला. नवे काही बांधले नाही. मोडत चाललेले तेवढे पायाखाली आणले. आज देशोदेशीचे लोक तो चालायला येतात.

मेळघाटात हे तसेच्या तसे घडणार नाही, आणि घडूही नये. १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघाला निवांत रान हवे. म्हणून बोरी, कोहा, कुंड अशी गावे या शतकाच्या आरंभी रानातून उठून अकोटच्या बाजूच्या सपाटीवर आली. माणूस उठला की वाट फार दिवस तग धरीत नाही. दोन पावसाळ्यांत गवत चढते, चार पावसाळ्यांत झुडूप, आणि मग तेथून कोणी बाजाराला जात होते हे सांगायला ती वाटच उरत नाही.

पण चालता आली नाही तरी वाट सांगता येते, लिहिता येते. कोणत्या खिंडीला काय म्हणत, पाणी कोठे लागे, बैल कोठे सोडीत, हे ज्यांच्या पायांना ठाऊक आहे ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. वेलस्लीचा खलिता तोफांची वाट दोनशे वर्षे जपून ठेवतो. कोरकू आजीची बाजाराची वाट जपायला एक वही आणि एक दुपार पुरते. दिवाळीच्या सुटीत चिखलदऱ्याला जाणारी मंडळी गड पाहतीलच, तट पाहतील, तोफांपाशी मुलांना उभे करून छायाचित्रे घेतील. त्यांनी उतरणीला एखाद्या गावात थांबून एवढे जरूर विचारावे, “आजी, तुमच्या लहानपणी बाजाराला कोणत्या वाटेने जात होता?”