मामांची जीप : मूळची म्हणजे कधीची?

गेले आठ महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे. एका बाजूला मिशिगनमध्ये राहणारा माझा मामेभाऊ बंडू, दुसऱ्या बाजूला पिंपळगाव बसवंतची मामी, आणि मधे मी, नाशिकमध्ये, कारण जीप माझ्या ताब्यात आहे. नातेवाईकांपैकी निम्म्यांना यातलं अर्धवट काहीतरी फोनवरून कळलेलं आहेच. तेव्हा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

आधी बंडूबद्दल. बंडूकडे १९६७ ची मस्टँग आहे, व्ही-८ इंजिनवाली. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात त्या गोतावळ्यातली (तिथले जाणकार हिला 'पोनी कार' म्हणतात आणि त्यावरून भांडतात, पण ते असो). पोंटियाक जीटीओ आणि फोर्ड मस्टँग या दोन्ही १९६४ मध्ये बाजारात आल्या आणि तिथल्या तरुण पोरांना वेड लागलं. ते वेड आता साठी-सत्तरी गाठलेल्या माणसांनी जपलंय. बंडू सहा वर्षं त्या गाडीच्या मागे आहे. त्याच्या दुनियेत एक कडक नियम असतो : प्रत्येक भाग त्या सालचा हवा. इंजिनवरचा क्रमांक चॅसीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, कार्ब्युरेटरवर ठोकलेली तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या थोडी आधीची पाहिजे, होजपाइपला लावलेली चिमटीसुद्धा त्या काळातली पाहिजे. मला सुरुवातीला हसू यायचं. आता येत नाही.

आपल्याकडे असल्या गाड्या का नाहीत, याचं उत्तर इतिहासात आहे. अमेरिकन गाड्या मुंबईला नवीन नव्हत्या. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्येच गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डीसोटो जुळवल्या. पण १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, भाग इथेच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघंही १९५४ पर्यंत गाशा गुंडाळून गेले. त्यामुळे साठच्या दशकात डेट्रॉइटमध्ये जे काही घडत होतं ते आपल्यापर्यंत फक्त सिनेमातून आणि मासिकांतून पोचलं.

एक अमेरिकन गाडी मात्र राहिली. नुसती राहिली नाही, इथलीच झाली. ती म्हणजे जीप.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं की हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी कोण बनवून देतं? मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी हात वर केले. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना नेऊन उभा केला. पण मोठी ऑर्डर पेलण्याची तिची ताकद नव्हती, म्हणून मुख्य काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्डकडे गेलं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' कोरला होता, आमचा माल कुठला ते कळावं म्हणून. हा 'एफ' लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, विलीज जीपा सुट्या भागांच्या पेट्यांतून मुंबईत येऊन इथे जुळायला लागल्या होत्या. हळूहळू भाग इथेच बनू लागले.

मामांची जीप १९६६ ची, सीजे-३बी जातीची. हिची ओळख म्हणजे उंच बोनेट. ते उंच असण्याला कारण आहे. या मॉडेलमध्ये विलीजचं 'हरिकेन' नावाचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असत. यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, बाहेर टाकणारा खालीच ठेवला. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बोनेट वर उचललं. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ एवढीच बनली. आपल्याकडे तिचीच वंशावळ त्यानंतर कित्येक वर्षं चालू राहिली.

मामांनी ती १९७६ मध्ये एका सरकारी लिलावात घेतली. दहा वर्षं पेट्रोलवर चालवली. मग १९८६ च्या द्राक्षांच्या हंगामाआधी हरिकेन इंजिन काढलं आणि डिझेल बसवलं : प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेलं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. त्या काळात निफाड तालुक्यात ज्याच्याकडे पेट्रोल जीप होती तो एकतर पुढारी होता किंवा इंजिन बदलायच्या विचारात होता. डिझेल स्वस्त, आणि एका लिटरमध्ये गाडी जास्त जाते. काढलेलं पेट्रोल इंजिन मामांनी विकलं. ते पुढे भंगारात गेलं, हे मामी खात्रीने सांगते, कारण त्या पैशांतून तिला शिलाई मशीन मिळालं होतं.

मामा २०१९ मध्ये गेले. जीप शेडमध्ये उभी होती. मागच्या पावसाळ्यात बंडू आला, तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "हिला मूळ रूपात आणू. पैसे मी देतो, लक्ष तू घाल."

मी जीप टोचन करून नाशिकला आणली आणि द्वारकेच्या बाजूला एका जुन्या मेकॅनिकच्या गॅरेजात लावली. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. आयुष्यभर जीपाच केल्या आहेत त्यांनी. त्यांनी पहिल्या दिवशी मला जो धडा दिला तो कुठल्याही पुस्तकात नाही. दोन पाने हातात घेतले आणि म्हणाले, "हा सुताचा, हा मिलिमीटरचा. फिरवून बघा, गाडी स्वतःच सांगेल." आणि खरंच! चॅसी, ॲक्सल, गिअरबॉक्स, सगळीकडे इंची बोल्ट, चार सूत, तीन सूत. इंजिनवर आलो की मिलिमीटर. दोन्हींच्या सीमेवर, इंजिनच्या फाउंडेशनपाशी, कोणीतरी वेल्डिंग करून लावलेल्या पट्ट्या. तिथे दोन्ही पाने लागतात. अमेरिका कुठे संपते आणि १९८६ साल कुठे सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येतं.

मग सुट्या भागांचा शोध. यात वाईट वाटण्यासारखं फार नव्हतं. टायर ६.०० - १६ मापाचे लागतात. हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना चालतं, त्यामुळे माप आजही गावोगाव मिळतं. नक्षी मात्र जीपची बघून घ्यावी लागते, ट्रॅक्टरचा टायर रस्त्यावर पळवायचा नसतो. ब्रेकचे सिलिंडर, किंगपिनच्या बेअरिंग्ज, स्प्रिंगचे पाटे, सगळं मिळालं. बंडूला हे सांगितलं तर तो म्हणाला की अमेरिकेत विलीज दुरुस्त करणारे लोक भारतात बनलेलेच भाग मागवतात!

अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे मागचा हौद. सीटखालचं रेक्झिन उचललं तर पत्रा चाळणी झालेला, आणि त्यावर निळे-हिरवे डाग. मला कळेना. मामी बघायला आली होती, तिने लांबूनच सांगितलं, "मोरचूद आहे तो." द्राक्षांवर मोरचूद-चुन्याची फवारणी करायची, त्याची पिंपं मामा जीपमधून न्यायचे. पिंप हिंदकळलं की खाली सांडायचं. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं. तीस वर्षं ते पत्रा खात होतं.

दुसरं ठिकाण इंजिन. चाचांनी महिनाभरात एक हरिकेन इंजिन शोधलं, चालू होण्याजोगं. बंडू खूश. मी मात्र त्या रात्री नियम वाचत बसलो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. आणि महत्त्वाची अट : अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

मी बंडूला फोन केला. म्हटलं, "हे इंजिन घेतलं तरी ते आपलं नाही. कुठल्यातरी दुसऱ्या जीपचं आहे. तुझ्याच नियमाने क्रमांक जुळणार नाहीत."

"पण सालाला तर जुळेल ना?"

"कुठल्या सालाला?"

यावर तो थोडा चिडला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. जीप बनली तेव्हा पेट्रोलची होती, ते उंच बोनेट त्या इंजिनसाठीच उचललेलं आहे, आणि खाली दुसरंच इंजिन ठेवणं म्हणजे खोटेपणा आहे. शिवाय तो १९८५ मध्ये शिकायला बाहेर पडला. त्याला आठवते ती पेट्रोलची जीप, तिचा आवाज, वडिलांच्या शेजारी बसून ओझरच्या शाळेत जाणं. डिझेलची जीप त्याने सुट्टीतच पाहिली. हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर वाद घालायचा माझा जोर कमी झाला.

मामीला विचारलं. ती म्हणाली, "पेट्रोलच्या जीपने आमच्यावर कर्ज केलं. डिझेलच्या जीपने ते फेडलं. पुढचं तुम्ही बघा."

तर मी काय केलं? डिझेल ठेवलं. त्याचा पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून आणले, इंजिनच्या पट्ट्या चाचांनी नव्याने, सरळ वेल्ड केल्या. हौद बदलला, पण मोरचुदाचे डाग असलेला वीतभर पत्रा कापून ठेवला आहे, मामीच्या सांगण्यावरून. 'व्हीए' नंबर मिळणार नाही, साधा नंबरच राहील. दर पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, सगळं सोसावं लागेल. पण मामीला मळ्यात नेता येईल.

विंडस्क्रीनच्या बिजागरीत एक बोल्ट सापडला, डोक्यावर 'एफ'. ही जीप १९६६ ची, बोल्ट युद्धातल्या फोर्डचा. चाचा म्हणाले, कधीतरी कुठल्या मेकॅनिकने भंगारातल्या लष्करी जीपचा काढून लावला असेल, देवळाली जवळच आहे. बंडूच्या हिशेबाने तो बोल्ट चुकीचा. मी तो घासून, तेल लावून तिथेच परत बसवला.

एक गंमत सांगून थांबतो. २०१८ मध्ये महिंद्राने याच घराण्यातली रॉक्सर नावाची गाडी भारतातून सुट्या भागांत पाठवून ऑबर्न हिल्सला, म्हणजे बंडूच्याच मिशिगनमध्ये जुळवायला घेतली. १९४७ चा प्रवास उलटा झाला. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी लगेच तक्रार केली की ही आमच्यासारखी दिसते. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. महिंद्राला गाडीचं रूप बदलावं लागलं, आणि त्या वर्षअखेरीस बदललेलं रूप मान्य झालं. मूळचं कोण, हा प्रश्न आमच्या घरापुरताच नाही तर!

बंडूला अजून पटलेलं नाही. चाचांनी शोधलेलं ते हरिकेन इंजिन त्याने त्याच्या पैशांनी विकत घेऊन ठेवलं आहे. माझ्या गॅरेजात लाकडी पाटावर, ताडपत्रीखाली आहे. दिवाळीत येतोय तो. येऊ दे.